कापशीची पिल्लं

बबिता परभणीहून आली तेव्हा तिच्या ओढणीखाली काहीतरी वळवळत होतं. रुख्मिणी शिलाई मशीनवर बसली होती. तिनं पाय थांबवला आणि विचारलं, "काय आणलीस गं?"

बबितानं ओढणी बाजूला केली. आतून एक गोल तोंड बाहेर आलं. बसकं नाक, राखी कान, आणि अंगावर इतके लांब केस की पिल्लू कुठं संपतं नि ओढणी कुठं सुरू होते ते कळेना.

"अगं माय! हे मांजर हाय का कापसाचं बोंड?"

त्यावरूनच तिचं नाव कापशी पडलं.

बबिता परभणीत नर्सिंग शिकत होती आणि भाड्याच्या खोलीत राहत होती. तिच्या घरमालकिणीची पर्शियन मांजरी गल्लीतल्या बोक्याबरोबर गेली आणि तिला ही पिल्लं झाली. अस्सल असती तर मालकिणीनं विकली असती. ही अर्धी पर्शियन, अर्धी गल्लीतली. तिनं ती खोक्यात घालून पोरींना सांगितलं, ज्याला पाहिजे त्यानं न्या, उरलेली मी सोडून देते.

"सोडून देते म्हंजी?" रुख्मिणीनं विचारलं.

"म्हंजी रस्त्यावर, माय."

रुख्मिणीनं पिल्लू मांडीवर घेतलं ते संध्याकाळपर्यंत खाली ठेवलं नाही.

सोनपेठला बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. नवरा पंडित गवंडीकाम करायचा. रुख्मिणी बायकांचे ब्लाऊज शिवायची. बबिता शिकायला गेल्यापासून घरात मशीनचाच काय तो आवाज होता. आता मशीन चालू झाली की कापशी चाकाखाली यायची, हलणाऱ्या पट्ट्यावर पंजा मारायची आणि चिंध्यांच्या ढिगात झोपून जायची. पंडित कामावरून आला की हातपाय धुवायच्या आधी तिला हाक मारायचा. पूर्वी तो घरात आल्यावर बोलायचाच कमी.

बबिता फोनवर एकच गोष्ट परत परत सांगायची. "माय, ती मोठी व्हायच्या आत तिचं ऑपरेशन करून घ्यायचं. इथं राजेश्री मॅडम म्हणून डॉक्टर हायत. लय चांगल्या हायत."

कसलं ऑपरेशन ते रुख्मिणीनं विचारलं नाही. लसीसारखं काहीतरी असेल असं तिला वाटलं. सोनपेठात मांजराचं असलं काही करणारं कुणी नव्हतं. उन्हाळा लागता लागता ती झाकणाच्या टोपलीत कापशीला घेऊन एसटीनं परभणीला गेली. बबिता दवाखान्यात आधीच येऊन थांबली होती.

डॉक्टर राजेश्रींनी कापशीला तपासलं, तिच्या केसांचं कौतुक केलं आणि म्हणाल्या, "मावशी, घाबरू नका. भूल द्यायची, पोटाला छोटा छेद घ्यायचा आणि पिशवी काढून टाकायची. काही होत नाही. उद्या परवा खेळायला लागेल."

'पिशवी' हा शब्द ऐकला आणि रुख्मिणीचा हात कापशीच्या पाठीवर जागच्या जागी थांबला.

बबिता नुकती चालायला लागली होती तेव्हाची गोष्ट. रुख्मिणी आणि पंडित ऊसतोडीला गेले होते. फडात रुख्मिणीच्या ओटीपोटात कळा यायच्या, अंगावरून जायचं. मुकादमानं एका खाजगी दवाखान्याचं नाव सांगितलं. तिथल्या डॉक्टरनं सोनोग्राफीचा फोटो दाखवला, त्यातलं तिला काहीच कळलं नाही. "पिशवी खराब झालीय. ठेवली तर कॅन्सर होईल. काढून टाकू, काही होत नाही." पंडितनं सही केली. तिला कुणी विचारलं नाही. तिची पंचविशीसुद्धा झाली नव्हती. पुढं एका सरकारी डॉक्टरीणबाईनं ते जुने कागद बघून सांगितलं होतं की, हे गोळ्यांनी बरं झालं असतं. ऑपरेशन झाल्यापासून कंबर धरायची, मधूनच अंगातून जाळ निघाल्यासारखं व्हायचं, आणि कुणाच्या घरी बाळंतीण दिसली की ती त्या घरचं माप घ्यायला उशिरा जायची.

"मला बी असंच सांगितलं होतं," ती डॉक्टरांना म्हणाली. "काय होत न्हाई म्हणून."

बबिता म्हणाली, "माय, ते वेगळं होतं. तुला फसवलं त्यांनी."

"अन् हिला तरी कोण विचारायलंय?"

डॉक्टर म्हणाल्या, "तिला विचारता येत नाही, मावशी. म्हणूनच आपल्याला ठरवावं लागतं. हिची पिल्लं होतील, त्यांची पिल्लं होतील. त्या सगळ्यांना घरं कुठून आणायची?"

"आमच्या गावात घरं लय हायत," रुख्मिणी म्हणाली आणि टोपलीचं झाकण लावून उठली.

सोयाबीनच्या पेरण्या चालू होत्या तेव्हा कापशी चिंध्यांच्या ढिगात व्याली. चार पिल्लं झाली. रुख्मिणीनं त्या आठवड्यात मशीनला हात लावला नाही. आवाजानं पिल्लं दचकतील म्हणून. गिऱ्हाइकं ब्लाऊज मागायला यायची आणि पिल्लं बघत बसायची. शेजारची सरजाबाई भाजी विकून आली की आधी इकडंच टेकायची. "रुख्मिण, तुझ्या घरात लेकरं आली गं," ती म्हणायची, आणि रुख्मिणीला ते खरंच वाटायचं.

पिल्लांना मागणी इतकी आली की नाही म्हणावं लागलं. व्यंकटराव म्हणजे गावातलं मोठं शेतीवाडीचं घर. त्यांच्या नातीला लांब केसांचं मांजर पाहिजे होतं. त्यांची गाडी गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली तेव्हा रुख्मिणीनं सगळ्यांत देखणी पाट, म्हणजे मादी पिल्लू, विंचरून, नव्या कापडाच्या तुकड्यात गुंडाळून व्यंकटरावांच्या सुनेच्या हातात दिली. काय खायला द्यायचं, केस रोज कसे विंचरायचे, सगळं सांगितलं.

सुनेनं विचारलं, "हिचं काही ऑपरेशन वगैरे करावं लागतं का हो?"

"काय करायचं न्हाई," रुख्मिणी म्हणाली. "पिशवीला हात लावू देऊ नका. होऊ द्या लेकरं."

हे ती सगळ्यांना सांगायची. माप घेताना, हुक लावताना, बायकांना सांगायची. सांगताना तिचा आवाज चढायचा, आणि बायका मान हलवायच्या, कारण त्यांच्यातल्या कितीतरी जणींच्या पोटावर तोच टाका होता.

एक बोका तिनं घरीच ठेवला. भुरा, दांडगा, आईसारख्याच केसांचा. त्याला भुऱ्या म्हणायचे.

दुसऱ्या वेतातली पिल्लं गेली, पण हळूहळू. तिसऱ्या खेपेला कुणी येईना. ज्यांना हवी होती त्यांच्याकडं आता होती, आणि ज्यांच्याकडं होती त्यांच्याकडं त्यांचीही पिल्लं होती. सरजाबाईनं एक पाट नेली, तीसुद्धा रुख्मिणीनं गळ घातली म्हणून. उरलेल्या दोन पिल्लांतल्या एकाचे डोळे उघडलेच नाहीत. दुसऱ्याचे मागचे पाय फरफटत होते.

"भुऱ्याचीच हायत ही," बबिता फोनवर म्हणाली. "भुऱ्या तिचं पोटचं लेकरू हाय, माय. निदान त्याचं तरी ऑपरेशन करून घे."

"जनावरात असलं नातं नसतंय."

"रक्तात असतंय की."

रुख्मिणीनं फोन ठेवला. ती त्या दोन पिल्लांना कापसाच्या बोळ्यानं दूध पाजायची. कापशी त्यांना चाटायची, मग उठून लांब जाऊन बसायची. तिच्या पाठीचे मणके हाताला लागायला लागले होते. आधी आंधळं गेलं, मागून दुसरं. पंडितनं घरामागं खड्डा केला. माती लोटताना तो म्हणाला, "बघवंना आता." रुख्मिणीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पुढं थोड्या दिवसांनी ती शिवलेले ब्लाऊज द्यायला व्यंकटरावांच्या घरी गेली. सुनेनं चहा दिला. रुख्मिणीची नजर घरभर फिरली.

"आमची पोरगी कुठं दिसंना?" तिनं हसून विचारलं.

"कोण? ते मांजर होय?" सून म्हणाली. "केस लय गळायचे हो, जेवणात यायचे. अन् माजावर आली की घर डोक्यावर घ्यायची. दोनदा व्याली. सोडली बाजारात."

"बाजारात?"

"मटणाच्या दुकानांमागं. तिथं जगतेत की ती. लय हायत तिथं, आमची एकटीच थोडीच हाय." मग रुख्मिणीचा चेहरा बघून ती जरा वरमली. "तुमीच म्हणला होता ना, ऑपरेशन करू नका म्हणून. नसता आमी करून घेतलं असतं."

रुख्मिणीनं कप खाली ठेवला. चहा तसाच राहिला.

ती थेट बाजारतळावर गेली. बाजाराचा दिवस नव्हता. ओटे रिकामे होते. मटणाच्या दुकानांमागं नाली वाहत होती आणि नालीच्या काठाला मांजरं बसली होती. आधी तिला फक्त मांजरं दिसली. मग केस दिसले. एकीचे राखी कान, एकाचं बसकं नाक, एकीची झुपकेदार शेपटी, चिखलानं वळून दोरीसारखी झालेली. तिच्या घरातून गेलेली, आणि तिच्या घरातून गेलेल्यांची. गावठी मांजरं तिला बघून पळाली. ही पळाली नाहीत. एकेकाळी माणसांच्या घरात राहिलेली होती ती. माणूस बघून उठून जवळ आली.

व्यंकटरावांकडं दिलेली तिला लगेच ओळखू आली. ती उठली नाही. तिच्या पाठीपोटावरचे केस गुंता होऊन, वाळून, जुन्या गोधडीसारखे एकसंध झाले होते. त्या वजनानं तिला नीट चालताही येत नव्हतं. रुख्मिणीनं तिला पदरात घेतलं. केवढा वास येत होता.

घरी आल्यावर तिनं कापडाची कात्री घेतली. पंडितनं पाणी कोमट करून आणलं आणि मांजरीचं डोकं दोन्ही हातांत धरलं. रुख्मिणी एक एक गुंता कापत गेली. कातडी कुठं आणि केस कुठं तेच कळत नव्हतं. पोटाजवळचा गोळा सुटून आला तेव्हा खालचं मांस दिसलं आणि त्यात अळ्या वळवळताना दिसल्या. पंडितनं तोंड फिरवलं, पण हात सोडले नाहीत.

"आगं, हळू," तो म्हणाला.

"हळूच करायलेय."

मांजरीनं एकदाही पंजा मारला नाही. कापताकापता रुख्मिणीच्या बोटांना काहीतरी ओलं लागलं. तिला वाटलं रक्त. बघितलं तर दूध होतं. आचळं भरलेली होती.

"हिची पिल्लं हायत," ती म्हणाली. "कुठंतरी हायत हिची पिल्लं."

तासाभरात ती मांजरी गेली. तिला तशीच कापडात गुंडाळून ठेवून दोघं परत बाजारतळावर गेले. ओट्यांखाली बघितलं, पोत्यांमागं बघितलं, बंद दुकानांच्या फळ्यांना कान लावले. पंडित नालीत उतरून वाकून बघत होता. एक दुकानदार म्हणाला, "काय हरवलं हो?" पंडितनं सांगितल्यावर तो हसला नाही, पण कीव आल्यासारखा बघत राहिला. "कुत्री हिंडतेत इथं," तो म्हणाला. "कशाला हुडकायलाव?"

अंधार पडायला आला तेव्हा ते परतले. वाटेत रुख्मिणी म्हणाली, "कापशीला परभणीला न्यायचं."

पंडित खाली बघत म्हणाला, "माझी सही लागंल का?"

एवढ्या वर्षांत त्या सहीबद्दल दोघांत शब्द निघाला नव्हता.

"न्हाई," रुख्मिणी म्हणाली. "माझी मी करीन."

परभणीला डॉक्टर राजेश्रींनी कापशीच्या पोटावरून हात फिरवला आणि बबिताकडं बघितलं. "हिला परत दिवस आहेत."

रुख्मिणीला तसा संशय होता. पण कापशीचं अंग इतकं खंगलं होतं की नुसतं पोटच मोठं दिसत असेल, असं ती स्वतःला सांगत आली होती.

"आजच करून टाकू," डॉक्टर म्हणाल्या. "लागोपाठ बाळंतपणांनी तिच्यात काही राहिलेलं नाही. हे एक तिला झेपेल असं मला वाटत नाही."

"अन् पोटातली?"

"पिशवीबरोबर जातील."

"जित्ती हायत का?"

डॉक्टरांनी खोटं सांगितलं नाही. "आहेत."

सही करायला बबितानं पेन पुढं केलं. रुख्मिणीनं ते हातात घेतलं, कागदावर टेकवलं, आणि परत टेबलावर ठेवलं.

"एवढं एक होऊ द्या," ती म्हणाली. "एवढं झालं की लगेच करा. मी सोता घेऊन येते."

"माय!" बबिता ओरडली. "मॅडम काय सांगायल्यात ते ऐक तरी. ती मरंल!"

"मला कळतंय गं. पर माझ्या हातानं हुईना."

त्या दिवशी, सोबत आणलेल्या भुऱ्याचं तेवढं ऑपरेशन झालं. तो दुसऱ्याच दिवशी भाकरी मागायला लागला.

कापशीच्या कळा पहाटे सुरू झाल्या. पहिलं पिल्लू अडकलं. ती ओरडत नव्हती. नुसती मान लांब करून श्वास घेत होती, आणि प्रत्येक कळेला रुख्मिणीच्या हाताकडं बघत होती. पहिल्या एसटीनं दोघं नवरा-बायको निघाले. टोपली रुख्मिणीच्या मांडीवर होती. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय हाय त्यात?" रुख्मिणीनं झाकण उघडून दाखवलं. बाई बघत राहिली आणि म्हणाली, "अडलीय गं बिचारी." मग तिनं स्वतःहून खिडकी लावून घेतली, वारं लागू नये म्हणून.

डॉक्टरांनी जे करता येईल ते केलं. अडकलेलं पिल्लू मेलेलं होतं. त्याच्या मागची दोनही मेलेली. पिशवी फाटली होती. ती काढावीच लागली. एक पिल्लू जिवंत निघालं, अंगठ्याएवढं. ते बबिताच्या हातात देऊन डॉक्टर परत टेबलाकडं वळल्या, पण तोवर कापशीचा श्वास थांबला होता.

डॉक्टर बाहेर आल्या. "मावशी," एवढंच म्हणाल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं असं रुख्मिणीला वाटलं.

ते एक पिल्लू तिनं छातीशी धरून आणलं, ड्रॉपरनं पाजलं, आपल्या पोटाच्या उबेला ठेवलं. ते आठवडाभरही जगलं नाही.

त्यानंतर रुख्मिणी बदलली. आता ती माप घेताना बायकांना उलटं सांगायला लागली. मांजरीला पाळी यायच्या आत, म्हणजे माजावर यायच्या आत परभणीला न्या. मी घेऊन जाते, तुमी नुसतं हो म्हणा. बायका ऐकून घ्यायच्या. "बघू," म्हणायच्या. कुणाला सवड नव्हती, कुणाचा नवरा मांजरासाठी एसटीनं जायचं म्हटल्यावर हसायचा. आणि कितीजणींनी तिला तिचंच बोलणं ऐकवलं.

सरजाबाईची मांजरी गाभण होती. रुख्मिणी तिच्याकडं गेली. "आता व्याली की मग दे माझ्याकडं. पिल्लांनी दूध तोडलं की मी परभणीला नेते. कापशीचं काय झालं बघितलीस ना?"

सरजाबाई मेथीच्या जुड्या बांधत होती. "देवानं दिलंय तिला," ती म्हणाली. "आपुन कोण काढून घेणार?"

"देव सांभाळायला येत न्हाई, सरजाबाई. बाजारतळावर जाऊन बघ एकदा."

"रुख्मिण, एक बोलू का? राग येईल तुला." सरजाबाईनं जुडी खाली ठेवली. "तुला न्हाई झालं म्हणून मांजरालाबी होऊ द्यायचं न्हाई का?"

रुख्मिणी उभी होती ती खाली बसली. सरजाबाईलाही वाईट वाटलं असावं. तिनं एक मेथीची जुडी रुख्मिणीच्या पुढं सरकवली. रुख्मिणीनं ती घेतली आणि घरी आली. संध्याकाळी तीच निवडून भाजी केली. पंडितनं विचारलं, "काय म्हणली?" "काय न्हाई," ती म्हणाली.

सरजाबाईची मांजरी पाच पिल्लं व्याली. त्यातली दोन तिनं ठेवली. बाकीची कुठं गेली ते रुख्मिणीनं विचारलं नाही, कारण पुढच्या आठवड्यात ती तिला बाजारतळावर दिसली.

बबितानं दवाखान्यात सांगून ठेवलं होतं. रुख्मिणी आणील त्या मांजरीचं ऑपरेशन डॉक्टर राजेश्री करून देणार होत्या. "पण एका वेळी एकच, मावशी," त्यांनी फोनवर सांगितलं. "आणि नंतर थोडे दिवस घरात ठेवावी लागेल, टाके भरेपर्यंत. खरं सांगू का, एवढ्यानं तिथली मांजरं कमी होणार नाहीत. तुम्ही एक कराल तोवर दुसऱ्या चार व्यालेल्या असतील."

"ते दिसायलंच की मला," रुख्मिणी म्हणाली.

पंडितनं घराच्या मागच्या भिंतीला लागून जाळीचा एक खण बांधून दिला. त्याच्याबद्दल तो काही बोलला नाही. कामावरून उरलेल्या विटा आणल्या आणि एका दुपारी बांधला.

ती पहिल्यांदा मांजरी आणायला गेली तो बाजाराचा दिवस होता. ओट्यांवर गर्दी होती, ताजी कोथिंबीर, मिरच्या, कपड्यांचे ढीग. ती गर्दीतून मागं नालीकडं गेली. टोपलीत तिनं भाकरीचा कुस्करा ठेवला होता. मांजरं लांबूनच उठली आणि शेपट्या वर करून आली. राखी, पांढरी, भुरी. एक मांजरी पाय ओढत आली. दोघी गाभण दिसत होत्या, तिसरीचं नक्की सांगता येत नव्हतं. लहान पिल्लं तर ओट्याच्या सावलीतून डोकं काढून नुसती बघत होती.

कोणती घ्यावी ते तिला ठरवता येईना. जास्त आजारी ती घ्यावी, तर ती ऑपरेशन सोसेल का? धडधाकट ती घ्यावी, तर आजारीचं काय? गाभणीला उचलायला हात पुढं गेला आणि पुन्हा मागं आला. मग तिनं दात आवळून तिलाच उचललं. मांजरी तिच्या हातात घुरघुरायला लागली.

टोपलीत एकच मावत होती. तिनं झाकण लावलं आणि एसटी स्टँडची वाट धरली. बाकीची भाकरीच्या वासानं तिच्या मागं मागं रस्त्यापर्यंत आली, काही वेळ तिथं उभी राहिली, आणि मग गाड्यांच्या आवाजाला भिऊन नालीकडं परत गेली.